झाडांचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं: मुंबईतल्या सोसायटीच्या झाडांची देखभाल, नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या आवारातला पर्जन्यवृक्ष पडला तेव्हा वारा नव्हता. जुलैतला पाऊस रात्रभर कोसळून पहाटे थांबला होता आणि सकाळी सातच्या सुमारास ते झाड मुळासकट कलत कलत पार्किंगमध्ये आडवं झालं. शाळेची बस नुकतीच निघून गेली होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. उघड्या पडलेल्या मुळांकडे पाहिलं तर एका बाजूची सगळी मुळं सरळ रेषेत कापलेली, टोकं काळी पडून कुजलेली. दीड वर्षापूर्वी ऐन हिवाळ्यात तिथून पाण्याच्या पाइपसाठी चर खणला होता. चर बुजवला, वर पेव्हर ब्लॉक बसवले आणि सगळे विसरून गेले. त्या वेळी मी कमिटीत होतो आणि चराच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्यांत माझीही सही होती.

तेव्हापासून आवारातल्या झाडांचं काम मी अंगावर घेतलंय. मुंबईत झाड पावसात पडतं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा आधीच्या कोरड्या महिन्यांत घडलेलं असतं. आपण मात्र झाडांकडे बघतो ते मे महिन्याच्या शेवटी, घाईघाईत फांद्या उतरवायला. महापालिकेच्या २०१८ च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक खासगी आवारांत होती. म्हणजे तुमच्या-आमच्या सोसायट्यांत. रस्त्यावरचं झाड पालिका बघते. आवारातल्याची जबाबदारी आपली. तुम्ही नुकतेच कमिटीवर आला असाल, किंवा खिडकीसमोरचं झाड वाचावं एवढीच इच्छा असेल, तर सुरुवात इथून करा.

आधी एक वही

एका रविवारी सकाळी आवारातून फिरा आणि प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. क्रमांक वहीत आणि साध्या नकाशावर लिहायचा; खोडावर पत्रा ठोकायचा नाही. झाडाचं नाव, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर खोडाचा घेर, आणि एक फोटो. फोटो दर वर्षी त्याच जागेवरून काढायचा. तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की कलणारं झाड आपोआप दिसतं. रोज बघणाऱ्या डोळ्यांना ते कळत नाही.

नावांत चूक होऊ देऊ नका. कंपाउंडलगत सरळ सुळक्यासारखा वाढणारा, ज्याला सगळे अशोक म्हणतात, तो खरं तर आसुपालव. खरा सीताअशोक छोटा, पसरट आणि केशरी फुलांचा. पिवळ्या फुलांचा सोनमोहर, लाल फुलांचा गुलमोहर आणि गुलाबी शेंड्यांच्या फुलांचा पर्जन्यवृक्ष हे तिघे मुंबईभर आहेत, पण त्यांचे स्वभाव वेगळे. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. पर्जन्यवृक्षाचा डोलारा छत्रीसारखा अवाढव्य, त्यामुळे त्याच्या मुळांना धक्का लागला की तोल सांभाळणं अवघड. चिंच, बकुळ, उंडी, ताम्हण ही चिवट झाडं. आपल्याकडे काय आहे हे ठाऊक असेल तर कुठे जास्त वेळ द्यायचा ते ठरतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: पाऊस सरल्यावरची तपासणी

मोसमी पाऊस मुंबईतून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परततो. दसरा-दिवाळीचा हा काळ झाडं तपासायला सगळ्यात चांगला, कारण चार महिन्यांच्या ओलीत आतली कूज बाहेर डोकावलेली असते.

तपासणी खालून वर करा. आधी जमीन. बुंध्याच्या एका बाजूला माती उचलली गेली आहे का, भेग पडली आहे का, पेव्हर ब्लॉक वर आलेत का? नव्याने कललेलं झाड आणि शेजारी मातीत भेग, असं दोन्ही दिसलं तर त्या दिवशीच खालच्या गाड्या हलवा आणि वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याला कळवा. पूर्वीपासून उजेडाकडे वाकून वाढलेलं झाड मात्र घाबरण्यासारखं नसतं. त्याचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला दिसेल.

मग बुंधा. कपाटाच्या फळीसारखी आडवी, कडक, तपकिरी अळंबी जमिनीलगत उगवली असेल तर आतलं लाकूड किंवा मुळं कुजताहेत असं समजा. अळंबी खरवडून काढली तरी कूज तशीच राहते. लाकडी हातोडीने खोडावर हलकेच ठोकत गोल फिरा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक दहा मिनिटांत कान शिकतो. ढोली आहे म्हणून झाड मेलंच असं नाही. बाहेरचं निरोगी लाकूड पुरेसं जाड असेल तर पोकळ झाड वर्षानुवर्षं उभं राहतं. ढोलीत सिमेंट मात्र भरू नका. ही जुनी सवय अजून दिसते. सिमेंटमागे पाणी अडकतं, कूज वाढते आणि झाड वाऱ्यात हललं की आतल्या कडा घासल्या जातात.

शेवटी माथा. सगळीकडे पालवी असताना एखादीच फांदी वाळलेली असेल तर वहीत टीप करा. दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यातून निघाल्या असतील आणि बेचक्यात साल आत दबलेली असेल तर तो सांधा कच्चा असतो. असे सांधे गुलमोहरात भरपूर दिसतात.

याच महिन्यांत सगळ्यात मोलाचं काम करून घ्या: बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढणं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. खोडाला चिकटून लादी असली की खोड जाड होताना तिच्यात रुततं, पाणी वाहून जातं, मूळ गुदमरतं. निदान चारही बाजूंना एक-एक मीटर माती मोकळी करा. तोडायला मशीन लावू नका, छिन्नी-हातोडीने काढा. खाली दबलेली माती बोटभर खोलीपर्यंत सैल करा, त्यात कुजलेलं शेणखत किंवा सोसायटीतलंच कंपोस्ट मिसळा, आणि खोडापासून वीतभर जागा सोडून दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. पाचोळ्याचा ढीग खोडाला टेकवला तर साल कुजते. पार्किंगची जागा जाते म्हणून कुरकुर होईल. आमच्याकडे दोन गाड्यांची जागा गेली. त्या दोन गाड्या कुठे लागतील यावर वार्षिक सभेत (एजीएममध्ये) तासभर बोलणं झालं आणि तो तास सत्कारणी लागला असं मी मानतो.

दिवाळीच्या रोषणाईबद्दल एवढंच: खिळा नको, आवळलेली तार नको, आणि माळ तुळशीच्या लग्नापर्यंत उतरवलेली असू दे. साल आणि तिच्या आतला थर यांतूनच झाडाचं अन्न खाली जातं. वर्षभर राहिलेली तार खोडात रुतून तो रस्ता तोडते.

डिसेंबर-जानेवारी: पाणी, आणि चर

मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेल्या आठ महिन्यांत जवळपास काहीच नाही. जुन्या झाडांनी याच्याशी जुळवून घेतलंय, त्यांना रोज पाणी नको. तीन वर्षांच्या आतल्या रोपांना मात्र हवं. रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर, आळ्यात म्हणजे बुंध्याभोवतीच्या खोलगट गोलात, सावकाश मुरेल असं द्या. वरवरच्या पाण्याने मुळं वरवरच राहतात आणि असं रोप पहिल्या वादळात उखडतं. माती वीतभर खोल उकरून बघा. मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, म्हणजे वाफसा आहे, पाणी थांबवा. मोठ्या झाडाची मुळं अलीकडे दुखावली असतील तर त्यालाही पंधरवड्यातून एकदा, खोडापाशी नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली, खोल पाणी द्या.

खाडीलगतच्या किंवा समुद्राजवळच्या सोसायट्यांनी बोअरचं पाणी आधी चाखून, शक्य तर तपासून बघावं. खारट पाण्याने पानांच्या कडा करपतात. पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्यातही क्षार जास्त असतात, तेच ते सतत एका झाडाला घालू नका. एसीचं पाणी चालतं.

आता चराकडे येतो. सोसायटीची खोदकामं याच महिन्यांत निघतात: ड्रेनेज, गॅस, केबल, कंपाउंड वॉल. खोदायच्या आधी टेप घेऊन झाडापाशी जा. खोडाच्या जाडीच्या (व्यासाच्या, घेराच्या नव्हे) बारापट अंतरापर्यंतची जमीन झाडाची, असा हिशेब धरतात. ४० सेंटिमीटर जाडीच्या झाडाला ते जवळजवळ पाच मीटर होतं, आणि आपल्या आवारांत तेवढी मोकळीक क्वचितच असते. पण तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे त्याच झाडाला सव्वा मीटरच्या आत, मुळं तोडली तर झाडाचा आधारच जातो. पाइप वळवता येत असेल तर वळवा. वळवता येत नसेल तर मुळांखालून बोगद्यासारखं हाताने उकरून न्या. जेसीबीचा दात मूळ कापत नाही, ओढून फाडतो आणि कूज बुंध्यापर्यंत पोचते. ठेकेदाराशी होणाऱ्या करारात हे एक वाक्य टाकून घ्या: ‘मनगटापेक्षा जाड मूळ कमिटीला दाखवल्याशिवाय तोडू नये.’ आमच्या करारात ते नव्हतं.

किडीही या कोरड्या दिवसांत नजरेला येतात. आंब्याच्या खोडातून भुसा पडतोय, भोकातून डिंक येतोय, तर तो भिरूड. तारेने अळी ओढून काढा, भोकात कीटकनाशकात भिजवलेला कापूस कोंबून वर माती लिंपा. फांदीवर वेगळ्याच जाड पानांचा झुबका दिसला तर ते बांडगूळ; फळं धरायच्या आत, चिकटलेल्या जागेच्या थोडं खालून फांदीसकट काढायचं, नाहीतर पक्षी त्याच्या चिकट बिया शेजारच्या झाडांवर नेतात. गेल्या दशकात मुंबईत पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले, त्यांच्यावर पिठ्या ढेकूण सापडला होता. पांढरा कापसासारखा थर, चिकट पानं आणि मुंग्यांची रांग दिसली की थांबू नका. लहान झाडावर पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क पुरतो. मोठ्या झाडासाठी उद्यान खात्याला किंवा जाणकाराला बोलवा.

फेब्रुवारी-मार्च: पानगळ म्हणजे मरण नव्हे

या काळात मला सगळ्यात जास्त फोन येतात. ‘झाड वाळलंय, काढून टाका.’ जंगली बदामाची पानं लाल होऊन गळतात, सावर आणि पांगारा उघड्या फांद्यांवर फुलतात, गुलमोहराला नुसत्या काळ्या शेंगा लोंबत असतात, पिंपळ काही दिवसांत निष्पर्ण होऊन तांबूस पालवीने भरून जातो. ही त्यांची रीत आहे. शंका असेल तर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या डहाळीची साल नखाने खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर आणखी दोन-तीन ठिकाणी बघा आणि मे अखेरपर्यंत वाट पाहा.

गळलेली पानं पेटवू नका. धूर शेजारच्या दम्याच्या माणसाला, आच मुळांना, आणि खत मातीमोल. कोपऱ्यात जाळीचा एक खण करा, पाचोळा ओला करून मध्ये मध्ये ओल्या कचऱ्याचा थर टाका. दिवाळीला झाडांना घालण्याजोगं कंपोस्ट होतं. होळीसाठी आवारातल्या झाडाची फांदी तोडायला कुणी निघालं तर तुमच्या वहीत नोंदलेलं मेलेलं लाकूड पुढे करा.

छाटणी: अर्ज जानेवारीत, करवत एप्रिलमध्ये

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली झाड आपल्या आवारात असलं तरी विनापरवानगी तोडता येत नाही, आणि कायद्यात झाड ‘तोडणं’ यात ते जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा आहे. तेव्हा छाटणीसाठीही वॉर्डाच्या उद्यान खात्याकडे अर्ज करा: सोसायटीचं पत्र, झाडांची यादी, प्रत्येक झाडाचा फोटो आणि त्यावर कुठली फांदी, का काढायची याची खूण. इथे वही कामाला येते. ‘सर्व झाडांची छाटणी’ असा मोघम अर्ज करू नका. मोघम परवानगीवर मोघम कत्तल होते.

अर्ज जानेवारीतच करा, कारण पाहणी, परवानगी आणि माणसं मिळणं याला वेळ लागतो, आणि मेच्या मध्याच्या आत काम संपायला हवं. तौक्ते चक्रीवादळाने मुंबईला झोडपलं ती तारीख १७ मे २०२१. पावसाळा यायला अजून तीन आठवडे होते आणि शहरभर झाडं पडली.

काय काढायचं? मेलेल्या फांद्या, मोडून अडकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, कच्च्या बेचक्यातल्या, आणि इमारतीवर किंवा तारांवर आलेल्या. एका वर्षात हिरव्या माथ्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग काढू नका. म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी. शेंडा उडवून झाड ‘बुटकं’ करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे तिला ठाम नकार द्या. कापलेल्या टोकांतून झाड घाबऱ्याघुबऱ्या फुटवे काढतं, ते वरवर चिकटलेले असतात, आणि तीन-चार वर्षांत तेच जड होऊन मोडतात. एकाच बाजूच्या फांद्या उतरवणंही तितकंच वाईट. इमारतीकडच्या बाजूने दर वर्षी सोललेलं झाड रस्त्याकडे झुकतं.

जाड फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर लांब, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी इथे मोडून पडते आणि साल खोडापर्यंत सोलली जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. फांदी खोडाला मिळते तिथे सालीला सुजल्यासारखं कडं असतं. ते न दुखावता, त्याच्या लगेच बाहेर कापायचं. त्या कड्यातूनच नवी साल येऊन जखम वेढली जाते. खोडाला घासून कापलं तर कडं जातं, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट नको. आंब्यासारख्या झाडाला बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावतात: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, प्लास्टिकच्या भांड्यात कालवून. हे सगळं चढणाऱ्या माणसांना काम सुरू होण्याआधी चहा घेता घेता सांगा, झाडावर चढल्यावर खालून ओरडून नव्हे. ते पट्टा आणि हेल्मेट घालून चढले नाहीत तर काम थांबवा.

फांदी धरण्याआधी घरटी बघा. कावळे याच दिवसांत घरटी बांधतात, आणि पावसाळ्यात बगळे, ढोकरी पर्जन्यवृक्षांवर वसाहती करतात. घरट्यात अंडी-पिल्लं असलेली फांदी धोक्याची नसेल तर तिची छाटणी पुढे ढकला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ तेच सांगतो. जमिनीपासून उंच असलेलं एखादं मेलेलं, भक्कम खोडकं खाली वर्दळ नसेल तर राहू द्या. तांबट पक्षी त्यातच भोक पाडून संसार मांडतो.

नारळांचं काम वेगळं. पाडेकऱ्याकडून पिकलेले नारळ आणि वाळक्या झावळ्या मेमध्ये उतरवून घ्या, हिरव्या झावळ्या छाटू नका. त्याच वेळी त्याला शेंडा तपासायला सांगा. नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप म्हणजे गेंड्या भुंगा; खोडाच्या भोकातून तपकिरी चिकट स्राव आणि चावलेले धागे म्हणजे सोंड्या भुंगा, आणि तो झाड घेऊन जातो.

जून ते सप्टेंबर

पाऊस सुरू झाला की मोठ्या झाडांवर करवत चालवायची नाही, फक्त मोडलेलं काढायचं. आळ्यांत पाणी तुंबत असेल तर एक बाजू फोडून वाट द्या. वटपौर्णिमेला वडाला सुती दोरा गुंडाळला तर काही बिघडत नाही, तो कुजून जातो. नायलॉनचा असेल तर दुसऱ्या दिवशी सोडवा. विकत मिळणाऱ्या वडाच्या फांद्या आणण्यापेक्षा जवळच्या वडापर्यंत चालत जा.

लावणीला जूनचा शेवट आणि जुलै चांगला. मुंबईत खणलं की माती कमी आणि डेब्रिज जास्त निघतं. ते सगळं बाहेर काढा, दोन-तीन फुटांच्या खड्ड्यात चांगली माती आणि शेणखत भरा. पिशवी कापून काढा, गोल गुंडाळलेली मुळं मोकळी करा, आणि बुंधा मातीच्या पातळीलाच ठेवा, खोल पुरू नका. भिंतीपासून सहा फुटांत ताम्हण, बकुळ, सीताअशोक अशी आटोपशीर झाडं. वड-पिंपळाला मोकळं मैदान हवं.

झाड पडलं किंवा लटकलं तर पालिकेच्या १९१६ वर फोन करा. विजेच्या तारा अडकल्या असतील तर वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याशिवाय फांदीला, साचलेल्या पाण्याला कुणी हात लावू नये. वॉचमनला हे आधीच सांगून ठेवा, कारण तिथे सगळ्यात आधी तोच पोचतो.

वाऱ्याने कललेलं रोप मात्र तुम्ही स्वतः वाचवू शकता. माती ओली असतानाच, मुळं सुकायच्या आत, हळूहळू सरळ करा. उघड्या मुळांवर माती घाला आणि हवा राहणार नाही इतपत पायाने दाबा. दोन बांबू दोन बाजूंना, मुळांच्या गोळ्याबाहेर रोवा आणि जुन्या सुती साडीच्या पट्टीने, इंग्रजी आठच्या आकाराची सैल गाठ मारून, खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागापाशी बांधा. खोड थोडं डोललं पाहिजे, त्यानेच ते जाड होतं. पुढच्या पावसाळ्यापूर्वी पट्टी सोडा, बांबू काढा आणि वहीत त्या झाडापुढे तारीख लिहा.